मुरमुऱ्यात युरिया? त्या निरोपाला भट्टीवरून उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच निरोप मला चार ठिकाणांहून आला. भावकीच्या ग्रुपवर आला, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर आला, एका जुन्या विद्यार्थिनीने "मॅडम, हे खरं आहे का?" असं विचारत पाठवला, आणि शेवटी आमच्या नात्यातल्या एका वहिनींनी पाठवला. सोबत एक व्हिडिओ आहे. त्यात कोणीतरी चिमट्यात मुरमुरा धरून त्याला काडी लावतं, तो पेटतो, आणि मागून आवाज येतो, "बघा, आपण लेकरांना काय खाऊ घालतो!"

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगते. मुरमुरे युरिया टाकल्याशिवाय फुगतच नाहीत. ते जळतात, म्हणजे त्यात प्लास्टिक असतं. वाळूत भाजतात, ती वाळू पोटात जाऊन मुतखडा होतो. मुरमुऱ्याचे लाडू चकाकतात ते मेणामुळे. मुरमुऱ्यात पोषण शून्य, नुसती हवा. मुळात हा आपला पदार्थच नाही, मुंबईच्या भेळेबरोबर तो गावोगाव आला. तेव्हा भट्टीवरचे सुटे मुरमुरे बंद करा आणि पाकीटबंदच घ्या.

मी खान्देशात, अमळनेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माझं माहेर ज्या गल्लीत आहे, तिच्या टोकाला मुरमुऱ्याची भट्टी आहे. आमच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या भोई समाजाच्या घरांत चालत आलंय, कुठे त्यांना भडभुंजे म्हणतात. त्या भट्टीवरच्या नानांनी मला फ्रॉक घालायच्या वयात गरम दाळ्या, म्हणजे भाजक्या हरभऱ्याचं डाळं, ओंजळीत दिल्यात. म्हणून या निरोपाचा मला राग आला हे आधीच सांगते. पण खाली जे लिहितेय ते रागावर उभं नाही, बघितलेल्या आणि तपासता येणाऱ्या गोष्टींवर उभं आहे.

"युरियाशिवाय फुगत नाही"

तांदूळ फुगतो पाण्याने. दाण्याच्या आत उरलेल्या अगदी थोड्या पाण्याने.

मुरमुऱ्याचा तांदूळ आपला रोजचा तांदूळ नसतो. आधी साळ भिजवतात, उकडतात, वाळवतात, आणि मग तिचं टरफल काढतात. हा उकडा तांदूळ. उकडताना दाण्यातला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो, त्याचे कण एकमेकांत मिसळून जातात. वाळला की तोच दाणा काचेसारखा घट्ट आणि जरासा पारदर्शक दिसतो. दाताखाली धरा, साध्या तांदळासारखा त्याचा भुगा होत नाही, कटकन तुटतो. भट्टीवर या तांदळाला मिठाचं पाणी चोळतात, मंद आचेवर परतून परतून सुकवतात, आणि दाण्यात शंभरात दहा-अकरा भाग पाणी उरलं की थांबतात. नानांकडे कुठलंही यंत्र नाही. ते दोन दाणे दाढेखाली धरतात. चिवट लागले तर अजून परतायचे, कटकन तुटले तर उतरवायचे. मग पाच-सात दाणे तापलेल्या रेतीवर टाकून बघतात, आणि ते कसे उमलतात त्यावरून आच वाढवायची की तुरीच्या काड्या मागे ओढायच्या ते ठरतं.

रेती तापलेली असते 200 अंश सेल्सिअसच्या वर. त्यात मूठ-दोन मुठी तांदूळ पडला की नाना काड्यांच्या जुडीने तो गरागरा फिरवतात. पहिले दोन-तीन क्षण काहीच होत नाही. मग एकदम फसफस असा आवाज उठतो आणि काळ्या रेतीतून पांढरं काहीतरी वर येऊ लागतं, जणू कढईच्या तळातून कोणी ढकलतंय. मी घड्याळ लावून बघितलंय, सगळा खेळ दहा-बारा सेकंदांचा. लगेच चाळणी, रेती खाली, मुरमुरे वर. एक वाटी तांदळाचे सात-आठ वाट्या मुरमुरे होतात.

आत काय घडतं? पाण्याची वाफ झाली की तिला पाण्यापेक्षा साधारण 1600 पट जागा लागते. दाण्याच्या आत अडकलेली ती वाफ बाहेर पडायला धडपडते. उष्णतेने मऊ झालेला उकडा स्टार्च फाटत नाही, ताणला जातो. वाफ निघून जाते, दाणा गार होतो आणि त्या ताणलेल्या आकारातच घट्ट बसतो. मुरमुरा मधोमध मोडून उजेडात धरा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक पोकळ्या दिसतील. त्या वाफेच्या खोल्या. मीठही फुगायला मदत करतं.

खान्देशातल्या बायकांना हे शास्त्र मी काय समजावून सांगणार! उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणारी प्रत्येक बाई ते हाताने जगते. गहू तीन दिवस भिजवायचा, चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून काढून कडक वाळवायचा. वाळलेली कुरडई बोटभर, आणि गरम तेलात पडली की कढईभर. शिजवलेला स्टार्च, त्यात जराशी ओल, आणि अचानक भरपूर उष्णता, या तिन्ही गोष्टी तिथेही त्याच आहेत. तांदळाचे पापड, साबुदाण्याच्या चकल्या, सगळे याच वाटेने फुलतात. आजवर कुरडईत युरिया टाकल्याचं कोणी ऐकलंय? मग मुरमुऱ्यालाच तो का लागावा? अजून सोपं हवं असेल तर उरलेल्या भाताची शितं कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि गरम तेलात चमचाभर टाका. तुमच्या डोळ्यांसमोर, तुमच्याच कढईत ती फुलतील. रोजचा कच्चा तांदूळ टाकून बघा, तो नुसता लाल होईल. फरक उकडण्याचा आहे.

आता या मुद्द्यातली खरी बाजू, कारण ती लपवली तर मी आणि तो निरोप यांत फरक राहणार नाही. मुरमुरे जास्त पांढरे आणि टपोरे दिसावेत म्हणून युरिया वापरल्याच्या तक्रारी पश्चिम बंगालमधून आणि बांगलादेशातून झालेल्या आहेत. तिथे मुरमुरा रोजच्या जेवणासारखा खाल्ला जातो, बाजार मोठा, आणि पांढऱ्याशुभ्र मालाला गिऱ्हाईक जास्त. हे चुकीचंच आहे, गुन्हाच आहे. पण 'काही ठिकाणी काही लोकांनी भेसळ केली' आणि 'भेसळीशिवाय हा पदार्थ बनतच नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य आपल्याला सावध करतं. दुसरं वाक्य प्रामाणिक माणसाचंही दुकान बंद करतं.

शिवाय थोडा विचार करा. 2015 मध्ये आपल्या देशात शेतीसाठी तयार होणाऱ्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणं सक्तीचं झालं. शेतकऱ्याच्या घरात ते पोतं असतंच, उघडून वास घ्या. युरिया साधारण 133 अंशांना वितळतो आणि त्यापुढे तापवला की अमोनियाचा उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा वास सुटतो. नानांच्या भट्टीजवळ पहाटे उभं राहिलं की भाजक्या तांदळाचा, तापल्या रेतीचा आणि धुराचा वास येतो. त्यांना मी हा निरोप वाचून दाखवला तेव्हा झारा खाली ठेवून ते एवढंच म्हणाले, "माय, युरिया वावरमा टाकतस, कढईमा कोन टाकी?"

घेताना रंग बघा. साधा मुरमुरा दुधासारखा पांढरा नसतो, किंचित पिवळट-मळकट असतो, आणि एखाद-दुसऱ्या दाण्यावर करपल्याचा ठिपका असतो. आपणच पांढऱ्यामागे धावणं सोडलं तर कोणाला पांढरं करायची गरजच पडणार नाही.

"जळतो, म्हणजे प्लास्टिक"

हा मुद्दा लवकर आटोपतो. कोरडं, हलकं, आत हवा भरलेलं काहीही पेटतं. ज्वारीची लाही पेटते, पापड पेटतो, कापूस पेटतो, वाळलेली भाकर पेटते. स्टार्चमध्ये कार्बन आहे, तो जळणारच. व्हिडिओत काडी लावणाऱ्याने लाही लावली असती तरी हेच दिसलं असतं.

माझ्या वर्गात मी हे असं केलं. एका बशीत मुरमुरे, दुसरीत प्लास्टिकच्या पिशवीचे बारीक तुकडे. दोन्हींवर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब. मुरमुरे क्षणात काळे-निळे झाले, प्लास्टिक होतं तसंच. आयोडीनने निळा होतो तो स्टार्च, हे आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकातून माहीत होतं, पण भेळेतल्या मुरमुऱ्यावर बघितल्यावर मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे आली. मग दोन्ही बशांत पाणी ओतलं. मधल्या सुट्टीनंतर मुरमुऱ्यांचा लगदा झाला होता. (आयोडीन लावलेले मुरमुरे खायचे नाहीत, हे मुलांना घरी प्रयोग करू देताना आधी सांगा.)

"वाळूने मुतखडा होतो"

चाळणीतून सुटलेला एखादा कण मुरमुऱ्याच्या पोत्याच्या तळाला सापडतो, हे खरं. दाताखाली आला तर अंगावर काटा येतो. म्हणूनच आमच्या घरी मुरमुरे आणले की आधी सुपात घेऊन पाखडायचे आणि मग डब्यात भरायचे, ही रीत आहे. तळाचा चुरा कोंबड्यांना.

पण त्या कणाचा मुतखडा होत नाही. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि ते लघवीत विरघळलेल्या क्षारांपासून मूत्रपिंडात तयार होतात. रेती म्हणजे सिलिका, ती पोटातल्या आम्लात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात जात नाही, तर मूत्रपिंडात पोचणार कशी? जशी गेली तशी शौचावाटे बाहेर पडते. आमच्या भागात मुतखड्याचं दुखणं घरोघरी ऐकू येतं, त्यामुळे हे वाक्य लोकांना चटकन पटतं. उन्हाळ्यात पारा 44-45 च्या पुढे जातो, दिवसभर वावरात घाम गाळायचा आणि पाणी कमी प्यायचं, मग लघवी दाट होते. काळजी करायची तर त्याची करा. आणि त्या बाबतीत माझ्या मोठ्या मायचं जुनं बोलणं मला आठवतं. उन्हातून आलेल्या पोराला ती आधी तोंडात टाकायला द्यायची आणि मग तांब्या पुढे करायची, "बेटा, मूठभर मुरमुरा खाई ले, मंग पानी पी. निस्तं पानी पोटले लागस."

रेतीच का, हेही सांगते. तव्यावर दाण्याची एकच बाजू तापते. रेतीत दाणा चहूबाजूंनी एकदम तापतो, आणि तेलाचा थेंबही लागत नाही. हलक्या फुगलेल्या दाण्याला जड रेती चिकटत नाही, चाळणीत दोघं लगेच वेगळे होतात.

"लाडू मेणाने चकाकतात"

हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. संक्रांतीच्या आदल्या रात्री ज्या घरात गुळाचा पाक झाला आहे, त्या घरातल्या माणसाने हे वाक्य पुढे पाठवावं?

मोठी माय पाक करायची तेव्हा चुलीजवळ पितळी वाटीत गार पाणी असायचं. गूळ किसून कढईत, चमचाभर तूप, पाण्याचा नुसता शिपका. गूळ विरघळला, फेस आला, फेस बारीक झाला, रंग गडद झाला, की ती पळीच्या टोकाने एक थेंब वाटीत सोडायची. पसरला तर कच्चा. मऊ गोळी झाली तरी कच्चा, ते लाडू दुसऱ्या दिवशी बसतात. गोळी वाटीच्या काठावर आपटून टण्‌ असा आवाज आला की कढई खाली. मग मुरमुरे एकदम ओतायचे, कालथ्याने दोन-चार वेळा वरखाली, आणि आम्हा पोरींची रांग. हात ओले करायचे, चटका सहन करत मूठ वळायची. पाक पुन्हा गार व्हायच्या आत सगळे लाडू झाले पाहिजेत, त्यामुळे त्या पाच मिनिटांत घरात कोणी कोणाशी बोलत नसे. एखादीला चटका बसला तर ती बोटं तोंडात घालायची, आणि तोच तिचा पहिला घास.

लाडवावरची चकाकी त्या पाकाची असते. गुळातली साखर पुरेशी तापवली, तिच्यातलं पाणी उडालं आणि ती पटकन गार झाली की तिचे खडे बनत नाहीत, काच बनते. खायची काच. चिक्कीवर तीच चकाकी, रेवडीवर तीच. लाडू पावसाळ्यात उघडा ठेवला तर तो हवेतली ओल ओढून चिकट आणि निस्तेज होतो, मेण असतं तर तसं झालं नसतं. तरी शंका असेल तर लाडू कडकडीत गरम पाण्यात टाका. पाक विरघळून पाणी तांबूस होईल. मेण असेल तर त्याचा तवंग वर येईल.

लाडवाच्या बाबतीत बघायचं असेल तर गूळ बघा. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रोस नावाचं रंग उजळवणारं रसायन घालण्याचा प्रकार चालतो, आणि त्याचं प्रमाण जास्त झालं तर ते शरीराला बरं नाही. गडद, तपकिरी, जरा ओबडधोबड गूळ घ्या. लाडू रंगाने काळपट होतील, चवीला खमंग होतील.

"पोषण शून्य, नुसती हवा"

निरोपात हेही म्हटलंय आणि दोन ओळी पुढे "मुरमुऱ्याने वजन वाढतं" असंही म्हटलंय. नुसत्या हवेने वजन कसं वाढेल, ते लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

100 ग्रॅम मुरमुऱ्यांत साधारण 325 किलोकॅलरी ऊर्जा आणि सात-साडेसात ग्रॅम प्रथिनं असतात. वजनाला वजन धरलं तर साध्या तांदळाएवढीच. गोंधळ होतो तो आकारामुळे. 100 ग्रॅम मुरमुरे म्हणजे सहा-सात वाट्या भरून. आपण खातो ती एक वाटी जेमतेम 15 ग्रॅमची, म्हणजे पन्नासेक कॅलरी. भूक भागवायला ते कमी पडतं हे बरोबर, पण कोण खान्देशी माणूस नुसते कोरडे मुरमुरे खातो?

आमच्याकडे संध्याकाळी पाहुणा आला की ताट येतं ते शेव-मुरमुऱ्यांचं. तिखट शेव, दाळ्या, भाजलेले शेंगदाणे, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, वरून कच्च्या तेलाची धार, आणि कडेला मीठ लावून तळलेली हिरवी मिरची. वावरात मजूर लावले की चार वाजता पेपरावर हाच ढीग, आणि भोवती दहा माणसं. त्यातले फुटाणे-दाळ्या बघा, 100 ग्रॅमला साधारण 22 ग्रॅम प्रथिनं. शेंगदाण्यांत साधारण 25. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, हरभऱ्यात तो भरपूर असतो. वरण-भाताने जे साधतं तेच दाळ्या-मुरमुऱ्याने साधतं, चूल न पेटवता. ज्या बाईने पहिल्यांदा मुरमुऱ्यांत दाळ्या मिसळल्या तिला लायसिन हा शब्द माहीत नव्हता. तिला एवढं माहीत होतं की असं खाल्लं की रात्रीच्या जेवणापर्यंत पोट टिकतं.

जिथे जपायला हवं ते स्पष्ट सांगते. मुरमुरा फार लवकर पचतो आणि रक्तातली साखर भराभर वाढवतो. मधुमेह असलेल्यांनी नुसते मुरमुरे वाट्यावर वाट्या खाऊ नयेत, मूठभर घ्यावेत आणि दाळ्या-शेंगदाणे-काकडी जास्त घालावी. 'हलका पदार्थ, कितीही खा' असा उलटा निरोपही फिरत असतो, तोही तितकाच चुकीचा आहे. मुरमुऱ्यांत आधीच मीठ असतं, रक्तदाब असलेल्यांनी वरून शेव घालताना हात आखडावा. आणि चार-पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. निरोपाला लेकरांची काळजी होती तर ही ओळ त्यात हवी होती.

"आपला पदार्थच नाही"

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. तिथे गोडीशेव आणि रेवड्यांच्या शेजारी मुरमुऱ्यांचे ढीग असतात, कमरेएवढे. धुळ्याला एकवीरादेवीच्या यात्रेत, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोड्यांच्या बाजारात, मुक्ताईच्या वारीत, परतणाऱ्या माणसाच्या पिशवीत काय असतं ते कोणालाही विचारा. भेळेचा गाडा आमच्या गावात माझ्या डोळ्यांदेखत आला, मुरमुरे त्याच्या कितीतरी आधीपासून होते.

एक भेद मात्र नीट ठेवायला हवा, कारण निरोपाला उत्तर देणाऱ्या काही मंडळींनीही तो पुसला आहे. लाही आणि मुरमुरा एक नाहीत. लाही होते ती न उकडलेल्या, टरफलासकटच्या साळीची. टरफल वाफेला कोंडून धरतं, मग फुटतं. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर असतात त्या साळीच्या लाह्या, नागपंचमीला ज्वारीच्या. लग्नात नवरीच्या ओंजळीत तिचा भाऊ ज्या लाह्या घालतो तो लाजाहोम, आणि त्या 'लाजा' शब्दातूनच आपली 'लाही' आली. मुरमुऱ्याला तेवढा पुरातन मान द्यायची गरज नाही, पण तो परकाही नाही.

नावांवरूनच कळतं तो किती मुरलाय. आम्ही मुरमुरे म्हणतो, मुंबई-कोकणात कुरमुरे, सांगली-कोल्हापुरात चुरमुरे, आणि तिथे त्याचं भडंग होतं. मराठवाड्यात भिजवून फोडणी दिली की सुशीला. रायलसीमेत तसाच उग्गानी, मिरचीच्या भज्यांबरोबर. कर्नाटकात मंडक्की, गुजरातेत ममरा, तमिळनाडूत पोरी, जी आयुधपूजेला देवापुढे असते. ओडिशात मुढी, बंगालात मुडी. बंगालातल्या जयनगरचा मोआ तर 2015 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. तो मात्र कनकचूर साळीच्या लाह्यांचा आणि खजुराच्या गुळाचा. एवढ्या मोठ्या देशात एवढ्या घरांत जो पदार्थ राहतो, त्याला मुंबईच्या एका गाड्यावर नेऊन बांधता येत नाही.

"सुटे बंद करा, पाकीट घ्या"

निरोपाचं शेवटचं वाक्य हे, आणि मला वाटतं बाकीची सगळी वाक्यं या वाक्यासाठी आहेत. पाकिटातला मुरमुराही साधारणपणे रेतीत नाहीतर यंत्रात असाच उष्णतेने फुगवलेला असतो. पाकिटावर तारीख असते, वजन असतं, हा त्याचा फायदा मी नाकारत नाही. पण भट्टीवर तुम्ही समोर उभे राहून बघू शकता, आणि माल सकाळचा असतो.

संशय असेल तर करायची गोष्ट आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 यातल्या कलम 40 नुसार साधा ग्राहकही विक्रेत्याला तसं सांगून घेतलेल्या पदार्थाची, फी भरून, सरकारमान्य तपासणी करून घेऊ शकतो. नमुन्यात दोष निघाला तर फी परत मिळते. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते. नाव घेऊन, नमुना देऊन तक्रार केली तर दोषी माणूस सापडतो. बिननावाचा निरोप पाठवला तर गल्लीतला प्रत्येक भट्टीवाला दोषी ठरतो.

आणि सुट्या मालात एक खरा धोका आहे, जो निरोपात कुठेच नाही: छापील पेपरची पुडी. शाईतले घटक अन्नात उतरतात, विशेषतः तेलकट शेवेवर, म्हणून अन्न सुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण पेपरात खाणं बांधू नका असं सांगत आलंय. वावरातल्या पेपरावरच्या ढिगाबद्दल मी वर मायेने लिहिलं, पण आमच्या घरी आता त्याजागी परात असते. भट्टीवर जाताना कापडी पिशवी न्या. नानांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी कोऱ्या कागदाचा गठ्ठा आणला.

ज्या वहिनींनी निरोप पाठवला होता, त्यांना मी फोनवर वाद घातला नाही. त्यांना दोन लहान नातवंडं आहेत, त्यांची भीती खरी आहे. मी एवढंच म्हटलं की रविवारी पहाटे या, भट्टी पाचला पेटते. त्या आल्या. रेतीतून पांढरा ढीग वर आला तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या आणि मग वाकून बघू लागल्या. नानांनी चाळणी झटकली आणि त्यांच्यापुढे धरली. वहिनींनी चार दाणे उचलले, हातावर फुंकर मारली, एक मोडून आतल्या पोकळ्या बघितल्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "एक पायली द्या. आणि दाळ्या कधी काढणार आज?"